फुईचा फोटो आणि मिरचीत पडलेली काच

कॅमेऱ्यातल्या फोकसिंग स्क्रीनला बोट लावायचं नसतं, हे आमच्या खानदानात फक्त मला माहीत होतं. म्हणूनच बोट मी लावलं.

आता फोकसिंग स्क्रीन म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीही माझ्या बायकोसारखे "मग पुढे?" म्हणत जांभई द्याल. रोलच्या जुन्या कॅमेऱ्याला डोळा लावला की समोरचं चित्र ज्या टपाल तिकिटाएवढ्या काचेवर उमटतं, ती ही स्क्रीन. (काच म्हणायची, असते प्लॅस्टिकची.) एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. साधी मिळते, मधोमध बारीक जाळी असलेली मिळते आणि तिसरी मिळते ती चित्राचे दोन तुकडे करणारी. म्हणजे फोकस चुकला असेल तर मधल्या गोलात माणसाचे डोळे एकीकडे आणि मिश्या भलतीकडे! रिंग फिरवून दोन्ही जुळवले की फोकस बसला. नंदुरबारातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मी कॅमेरा आणला आणि या तिघींपैकी कोणती बसवावी या चिंतेने माझी झोप उडाली.

"मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत हो म्हणालात," बायको म्हणाली. ती नाशिकची, त्यामुळे टोमणासुद्धा शुद्ध मारते. "आणि या प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी महिनाभर विचार?"

"तेव्हा माझ्यापुढे पर्याय नव्हते गं!"

(त्या रात्री मला वरण गार मिळालं.)

शेवटी मी तुकडे करणारी निवडली. तिथेच माशी शिंकली.

कारण त्याच आठवड्यात सुरतेहून फुई आली. फुई म्हणजे आमच्या अहिराणीत आत्या, माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिचा मुलगा तिला कायमची कॅनडाला घेऊन चालला होता आणि जाण्याआधी तिची एकच मागणी होती: आपण मधे, दोन्ही बाजूंना दोन भाऊ, असा फोटो. मागणी साधी वाटते ना? पण माझे वडील आबा आणि धाकटे काका तात्या हे दोघे कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. सामाईक विहिरीवरच्या मोटारीचं बटण कोणी बंद केलं, यावरून बिनसलेलं. (बटण कोणीच बंद केलं नव्हतं, लाइट गेली होती. पण हे त्या दोघांना सांगायची गावात कोणाची टाप नव्हती!)

"मी मोबाईलवर काढतो ना फुई, लगेच!" मी म्हणालो.

"मोबाईलमा नको! मन्हा बठ्ठा फोटो नातूनी उडाई टाकात," फुई म्हणाली. (बठ्ठा म्हणजे सगळे.) "मले कागदवर पाहिजे. तठे बर्फमा भीतवर टांगसू. परत येवाई का नही, कोनले माहीत?"

असं म्हणून तिने पदराने डोळे टिपले, आणि मला एकदम गलबलून आलं. गलबलून आलेल्या माणसाने तोंड उघडू नये. मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "फुई, मन्हा रोलना कॅमेरा शे. असा फोटो काढसू, का पिढ्या दखतीन!"

पुढचा प्रश्न जागेचा. आबा तात्यांच्या अंगणात पाय ठेवणार नाहीत, तात्या आमचा उंबरा चढणार नाहीत. तेव्हा माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली: गावाबाहेरची मिरचीची पथारी! ओळखीच्या व्यापाऱ्याची मिरची तिथे वाळत पडली होती. जिकडे बघावं तिकडे लालेलाल, वर निळं आभाळ, रंगीत रोल! अशा जागी शहाणा माणूस नाकाला रुमाल बांधून जातो. मी कॅमेरा उघडायला गेलो.

मी आणि बायकोने मिरच्यांच्या मधोमध तीन खुर्च्या मांडल्या. फुई मधे बसली. आबांनी पूर्वेकडे तोंड केलं, तात्यांनी पश्चिमेकडे. फुईने दोघांच्या हनुवट्या धरून समोर वळवल्या. मी डोळा लावला, रिंग फिरवली, आबांचे डोळे आणि मिश्या एका रेषेत आणल्या आणि अभिमानाने ऊर भरून आला. इतका, की मी फुईला बोलावून म्हणालो, "ये, तू बी दख! पह्यले रिंग फिरव, मंग गंमत!"

फुईने डोळा लावला, रिंग फिरवली आणि किंचाळली.

"अय माय वं! मोठा भाऊनं डोकं सरकी गयं!"

"ते तं मोटरनं बटन बंद करं तवयच सरकेल व्हतं," तात्या आभाळाकडे बघत म्हणाले.

आबा ताडकन उठले. "सूनबाई, त्याले सांग, डोकं ज्याले ऱ्हास, त्यानंच सरकस!"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी दोघांच्या मधे पडलो, हातापाया पडून त्यांना पुन्हा बसवलं, फुईलाही बसवलं आणि घाईने डोळा लावला. बघतो तर तात्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक काळा ठिपका!

आधी वाटलं माशी. मी हात हलवून हाकलली. तात्यांना वाटलं मी नमस्कार केला, त्यांनी परत केला. कॅमेरा हलवला, तर ठिपका नाकावरून उठून फुईच्या कपाळावर जाऊन बसला. म्हणजे कण स्क्रीनवर होता! पिढ्यान्‌पिढ्या बघणार असलेल्या फोटोत तात्यांच्या नाकावर मस?

"स्क्रीन साफ करावी लागेल," मी जाहीर केलं.

"अहो, पण तुम्हीच त्या दिवशी मला सांगत होतात की..."

"तू थांब! यातलं तुला काय कळतं?"

स्क्रीन साफ करायची रीत अशी, की रबरी फुग्याने हलकी हवा मारायची आणि गप्प बसायचं. फुगा घरी राहिला होता. मग मी लेन्स काढली आणि आबांच्या करगोट्याला लटकणारा, पायातले काटे काढायचा चिमटा मागून घेतला. आतली खिटी सरकवली, श्वास रोखला, स्क्रीन चिमट्यात धरली आणि अलगद बाहेर काढली. डॉक्टरसुद्धा एवढ्या नाजूकपणे हात चालवत नसेल! बायकोनेही कौतुकाने बघितलं.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली. मिरचीच्या पथारीवरून!

मला जी शिंक आली, तिने खुर्चीवरची फुईसुद्धा दचकली. डोळे उघडले तेव्हा चिमटा हातात होता आणि स्क्रीन नव्हती. समोर एकरभर लाल मिरच्या, आणि त्यात कुठेतरी टपाल तिकिटाएवढी पारदर्शक काच.

"गयी?" फुईने विचारलं.

"गयी," मी म्हणालो.

"आनि मन्ही गाडी?"

सुरतेची गाडी! फुईला ती गाठायचीच होती, आणि स्क्रीन नसेल तर मला डोळ्याला नुसता उजेड दिसणार होता. मग काय, आख्खं खानदान गुडघ्यांवर! फुई पदर खोचून, आबा धोतर सावरत, तात्या टोपी मागे सारून, सगळे मिरच्या उलटसुलट करतायत आणि एकामागून एक शिंकतायत. लांबून बघणाऱ्यांना वाटलं असेल की हे कसला तरी नवस फेडतायत.

आणि अचानक आबा ओरडले, "अरे सरक तिकडे! तुन्हा गुडघाखाले ऱ्हाई!"

"मन्हा गुडघाखाले काय बी नही! तूच तुन्हं कोपर उचल पह्यले!" तात्या ओरडले.

सगळे जागच्या जागी थिजले. आबा तात्यांशी बोलले होते! मधे सूनबाई नाही, आभाळ नाही, सरळ तोंडावर!

"बोलनात वं माय! दोन्ही बोलनात!" फुई मिरच्यांत फतकल मारून बसली आणि हसता हसता रडायला लागली. मीही नाक ओढलं. (ते मिरचीनेही वाहत असेल, पण ओढलं हे नक्की.)

तिथेच, फुईच्या मांडीजवळ, एका देठाला टेकून स्क्रीन चमकली.

"हात लावू नका!" मी बोंबललो. तोवर तात्यांनी ती उचलली होती, तिच्यावर तोंडाने "हाऽऽ" करून वाफ सोडली होती आणि ज्या रुमालाने आतापर्यंत मिरचीचे हात पुसले, त्याच रुमालाने घसाघसा पुसलीही होती.

"ले. चकाचक," तात्या म्हणाले.

काच चकाचक गुलाबी झाली होती. पण वेळ कुठे होता? मी ती तशीच आत दाबली, लेन्स चढवली, सगळ्यांना खुर्च्यांवर ढकललं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. कॅमेरा मी ज्या हातांनी धरला होता, ते हात एवढा वेळ कुठे होते हे तुम्हाला आठवतंय. मला आठवलं नव्हतं.

देवा रे देवा! डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. मी कॅमेरा छातीशी धरून गोल गोल फिरायला लागलो.

"पानी मार डोयामा!" आबा ओरडले.

"पानी नही, दूध!" तात्या म्हणाले.

"आठे दूध कथाईन आनशी, येडा? म्हैस बांधेल शे का?"

"मंग पानीनी काय व्हई? आग अजून भडकी!"

दोघे भाऊ माझ्या डोक्यावर वाद घालत होते आणि तेवढ्यात दोघांनीही आपापले डोळे चोळले. मग वाद थांबला. फुईने घाबरून पदर डोळ्यांना लावला, तो पदरही मिरचीतून झाडून काढलेला!

"गाडी चुकेल हो!" बायको ओरडली.

"काढ रे अन्या, जसा येई तसा काढ!" फुई म्हणाली. मी आवाजाच्या दिशेने कॅमेरा वळवला आणि बटण दाबलं. गाडी मिळाली. फुई डब्याच्या दारातून डोळे पुसत गेली.

घरी येऊन कॅमेरा उघडला तर स्क्रीन उलटी बसलेली. खरखरीत बाजू वर. म्हणजे मला अगदी नीट दिसलं असतं, तरी रोलवर फोकस बसलाच नसता. मी कपाळावर हात मारला. बायकोने शांतपणे ताट वाढलं.

"आता बोलू का? तुम्हीच मला सांगितलं होतंत, की त्या काचेवरची घाण फक्त आपल्याला दिसते. फोटोत येत नाही."

मी सांगितलं होतं. अर्धा तास, आकृती काढून!

रोल धुऊन आला. तीन धूसर आकृत्या, दोन्ही बाजूंना दोन म्हातारे डोळ्यांना रुमाल लावून, मधे फुई डोळ्यांना पदर लावून. मागची मिरची तेवढी अशी स्वच्छ, की देठ मोजून घ्यावेत! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण दुसरा फोटो कुठून आणणार? तोच पाठवला. इकडे आबा आणि तात्या आता रोज पारावर शेजारी बसतात. त्यांच्या गप्पांचा विषय एकच असतो आणि मी दिसलो की दोघे एकदम गप्प होतात.

परवा कॅनडाहून फुईचा फोन आला. मी आधीच माफी मागायला लागलो, तर ती म्हणाली, "कसानी माफी रे? भारी फोटो शे! आठल्या गुजराती बाया दखतस नि रडतस. मी सांगस, मी जाई ऱ्हायनू म्हनून मन्हा भाऊ कसा रडी ऱ्हायनात, दखा!"

"आनि फुई, ते धुकं?"

"ते बी सांगस ना! त्यासले सांगस, फोटो काढनारा मन्हा भाचा. तो बठ्ठासपेक्षा जास्त रडी ऱ्हायंता, त्याले समोरनं काहीच दखाय नही!"

माझ्या फोटोग्राफीचं इतकं अचूक परीक्षण आजवर कोणी केलेलं नाही.