झाकणाखालचं तेल

गिऱ्हाइकं तिला पाठीमागे शॉकवाली म्हणत आणि तोंडावर वहिनी. दोन्हींना तिची हरकत नव्हती. जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाड्या बाळगणारे हौशी लोक तीन-तीन तासांवरून तिच्याकडे येत, कारण त्या गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्यानं जुळवून देणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

त्या गाड्यांचे शॉक हल्लीच्यासारखे नळीचे नसतात. एक जाड धातूची डबी चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बोल्टांनी आवळलेली असते आणि तिच्यातून एक दांडा बाहेर येतो. चाक खड्ड्यात गेलं की दांडा हलतो, डबीतलं तेल बारीक भोकातून इकडून तिकडे ढकललं जातं आणि गाडीची उडी जागच्या जागी जिरते. तेल गळून गेलं की गाडी डोलत राहते आणि वळणावर मागचं चाक रस्ता सोडतं. शास्त्र एवढंच. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडलं की वास येतो.

तो वास ज्यानं घेतलेला नाही त्याला सांगून उपयोग नाही. वीस-तीस वर्षं कोंडून राहिलेलं तेल तळाशी काळा चिखल होऊन बसलेलं असतं, आणि त्याला सडलेल्या मासळीची घाण मारते. तीन वेळा साबण लावला तरी नखांच्या कडांतून ती जात नाही. धाकट्या बहिणीनं पहिलं बाळ तिच्या हातात देताना आधी दुपटं दिलं होतं आणि मग बाळ. सासू तिच्या हातचा चहा घेई, पण कप नाकापासून लांब धरून.

खरं तर वर्कशॉप सासऱ्यांचं, म्हणजे काम नवऱ्याकडे यायचं. पण नवऱ्याला घाण सोसत नसे. बोलणं मात्र त्याला छान येई. सासरे गेले त्या वर्षी तिनं एक भंगारातला शॉक स्वयंपाकघरातल्या टेबलावर खोलला, दुरुस्तीचं पुस्तक उघडून बाजूला ठेवलं आणि सहा दिवसांत तो जुळवला. सासूनं ते टेबल मग अंगणात काढलं. तेव्हापासून बावीस वर्षं नवरा पुढे काउंटरवर आणि ती मागे वायसच्या लोखंडी पकडीपाशी. नवऱ्याला लोक मालक म्हणत. त्याच्या शर्टाला कधी डाग पडला नाही.

या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि उजवं मनगट मोडलं. आठ आठवडे प्लास्टर.

"गिऱ्हाइकांना परत पाठवा," ती म्हणाली. "थांबतील ते."

"वेडी आहेस का? मी करतो ना," नवरा म्हणाला. "बावीस वर्षं बघतोय. चार स्क्रू तर आहेत."

तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

प्लास्टर निघून चौथा दिवस होता. नवरा रंगाचे डबे आणायला बाजारात गेला होता, तेव्हा दारात मेट्रनची लाल गाडी थांबली. मेट्रन म्हणजे प्रसूतिगृहातल्या निवृत्त मुख्य नर्स. वय एकाहत्तर, पाठीला उशी, डोक्याला रुमाल. शॉकवालीची मुलगी त्यांच्याच हातांवर जन्मली होती.

"काय गं, मनगट कसं आहे? दाखव. हं, बोटं मिटून दाखव. ठीक. आता माझी गाडी बघ. तुझ्याकडून शॉक करून नेले त्याला महिना झाला नाही, आणि काल घाटात हिनं शेपूट फिरवलं. समोरची दगडी भिंत इतक्या जवळून पाहिली की तिच्यावरचं शेवाळ मोजून आले."

"लागलं नाही ना?"

"मला काय लागतंय! शेजारी बहीण होती. ती घरी जाऊन जी झोपली आहे ती अजून उठली नाही. मी संध्याकाळी येते, तोवर बघून ठेव."

माझ्याकडून करून नेले. शॉकवालीनं जॅक लावला.

मागच्या उजव्या शॉकचा दांडा तिनं एका बोटानं हलवला. तो दाराच्या सैल कडीसारखा खाली पडला. डबी रिकामी होती. डावीकडचा उलट इतका घट्ट, की हलवताना तिच्या बऱ्या झालेल्या मनगटातून कळ गेली. दोन्ही काढून तिनं बाकावर घेतले. वरून सुंदर दिसत होते. काळाभोर रंग, चमक. तिनं कापडानं पुसलं तेव्हा रंगाची साल निघाली आणि खाली चिखल दिसला. धुतलेही नव्हते. दांड्याच्या कोपऱ्यात एक किडा होता, वाळून चिकटलेला, सहाही पायांसकट रंगवलेला.

झाकणाच्या स्क्रूंच्या खाचांत रंगाखाली जुना चिखल तसाच गच्च होता. म्हणजे स्क्रूड्रायव्हर लागलाच नव्हता. तिनं डावीकडच्याचं झाकण उघडलं. वर मधासारखं पिवळं, जाड गिअर ऑइल आणि त्याखाली तोच जुना काळा गाळ. दांडा जिथून बाहेर येतो ते भोक झिजून अंड्यासारखं झालेलं, ऑइलसील कडक होऊन फाटलेलं. नव्यानं भोक मापात करावं लागतं, सील बदलावं लागतं, पातळ तेल भरून दांडा हलवत हवा काढावी लागते, मग रात्रभर कागदावर टांगून ठिबकतं का ते बघावं लागतं. नवऱ्यानं यातलं काही केलं नव्हतं. वरच्या बुचातून जाड तेल ओतलं होतं. जाड तेलानं शॉक हाताला टणक लागतो, गिऱ्हाईक खूश होतं. रस्त्यावर तापलं की तेच तेल फाटक्या सीलमधून निघून जातं. दोघांपैकी एक रिकामा, एक घट्ट, अशी गाडी घाटातल्या वळणावर काय करील हे सांगायला शॉकवाली लागत नाही.

वास आला तसं तिनं तोंड फिरवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

दुपारी नवरा जेवायला बसला होता. भात कालवत होता, बोटं चाटत होता. गुलाबी, स्वच्छ नखं. ती समोर बसली आणि त्या बोटांकडे बघत राहिली.

"तुम्ही किती गाड्यांचे केले?"

"नऊ. का?"

"उघडले किती?"

त्यानं घास गिळला. "तू बाजूला नव्हतीस. बिघडलं असतं तर? उघडून बिघडवण्यापेक्षा—"

"किती?"

"अगं, टणक झाले होते ना! हात लावून बघितलं सगळ्यांनी. कुणी कुरकुर केली नाही."

"काय झालं?" सासूनं विचारलं. "त्यानं बिचाऱ्यानं दोन महिने दुकान ओढलं. आणि बघ, घरात कसा वास नव्हता."

शॉकवालीच्या तोंडातला घास तिथेच राहिला. घरात वास नव्हता. हे तिला माहीत होतं. दोन महिने तो रोज वर्कशॉपमधून आला, तिच्या शेजारी बसला, प्लास्टरमुळे तिला जेवण कालवून दिलं, आणि त्याच्या हातांना साबणाचा वास होता. तिला ते आवडलं होतं. बावीस वर्षांत तिच्या स्वतःच्या हातांना कधी आला नव्हता असा छान वास, आणि तिनं एकदाही विचारलं नव्हतं, की नऊ गाड्यांचे मागचे अठरा शॉक उघडलेल्या माणसाच्या हातांना हा वास येतोच कसा. तिनं घास ताटाच्या कडेला काढून ठेवला. नवऱ्याची किळस येत होती, ती आता तिला स्वतःचीच आली.

"हे बघ," नवरा हळू आवाजात म्हणाला, "मेट्रनच्या गाडीचे तू नीट करून दे. बाकीचे येतील तसे येतील. बोभाटा केलास तर उद्या दारात कोण उभं राहील? नाव तुझंच आहे."

"म्हणूनच."

"म्हणूनच काय?"

ती उठली आणि ताट घेऊन मोरीकडे गेली.

संध्याकाळी मेट्रन आल्या तेव्हा ती मागे बाकापाशी होती. पुढे नवऱ्याचा आवाज ऐकू येत होता, गोड, नेहमीचा.

"मेट्रन, रागावू नका, पण आता वय झालं. घाटात जरा बेतानं घ्यायला हवं. आम्ही शॉक कितीही चांगले केले तरी शेवटी चालवणाऱ्याचा हात—"

"माझ्या हाताला काय झालंय?"

"तसं नाही. पण नजर, पाय, सगळंच जरा मंदावतं ना."

मेट्रनचा आवाज पडला. एवढ्या वर्षांत शॉकवालीनं तो असा ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "बहीणही तेच म्हणते. विकूनच टाकावी म्हणते."

शॉकवालीनं गाळ काढलेला ट्रे दोन्ही हातांनी उचलला, पुढे नेला आणि काउंटरवर, पावतीपुस्तकाच्या शेजारी ठेवला.

"मेट्रन, वास घ्या."

"अगंबाई! हे काय?"

"तुमच्या शॉकमधलं. तुमच्या पायात, नजरेत काही नाही. हे शॉक कुणी उघडलेच नाहीत. वरून रंग दिलाय आणि चुकीचं तेल ओतलंय."

"अगं ए," नवरा म्हणाला.

"यांनी केलंय. मी प्लास्टरमध्ये होते आणि विचारलं नाही."

मेट्रननी पदर नाकाला लावला नाही. प्रसूतिगृहात चाळीस वर्षं काढलेलं नाक ते. त्यांनी ट्रेकडे पाहिलं, मग मालकाच्या शर्टाकडे. "अशा किती गाड्या फिरताहेत?"

"तुमची धरून नऊ."

"मग उभी का राहिलीस? फोन लाव."

पावतीपुस्तकातून नंबर काढत तिनं फोन लावले. पहिल्यानं आरडाओरडा केला. दुसरीनं दोनदा थँक्यू म्हटलं, ते जास्त लागलं. नवरा खुर्चीत बसून मिशी ओढत होता, जणू कुणा परक्याच्या घरचं भांडण चाललं होतं. पाचवा एक इन्शुरन्सवाला होता. तो हसला.

"वहिनी, उलट या खेपेला जास्त छान झालेत! कसे टणक! तुमच्यापेक्षा मालकांचा हात चांगला आहे म्हणा."

नवऱ्यानं मान वर केली. फोनमधला आवाज त्यालाही ऐकू आला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर, एवढं सगळं होऊनही, क्षणभर खरोखरीचा आनंद आला. तो तिनं पाहिला. ट्रेमधल्या गाळापेक्षा ते बघणं अवघड होतं.

"टणक आहेत म्हणूनच उद्या आणा," ती फोनवर म्हणाली. "आणि हळू चालवत आणा."

सातवा फोन उचलेना. तिनं दर दहा मिनिटांनी लावला. तासाभरानं त्या माणसाच्या बायकोनं उचलला. गाडी गॅरेजमध्येच होती, बॅटरी उतरल्यामुळे. शॉकवाली स्टुलावर बसली आणि म्हणाली, ती तिथेच राहू द्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात गाड्या दारात होत्या. तिच्या मनगटात झाकणाचे स्क्रू सोडवण्याइतकाही जोर उरला नव्हता. मेट्रनच्या दोन शॉकांनीच ते सुजलं होतं. तिनं नवऱ्याला मागे बोलावलं आणि स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला.

"मी?"

"चार स्क्रू तर आहेत."

त्यानं बाह्या दुमडल्या. मग हातमोजे मागितले.

"मोजे घालून सील बसत नाही. बोटाला कळावं लागतं."

पहिलं झाकण निघालं. त्याला उमासा आला. तो दारापर्यंत धावला आणि गटाराशी वाकून उभा राहिला. ती आतच थांबली. पाठीवरून हात फिरवावा असं तिला वाटलं नाही, आणि वाटलं नाही याचंही काही वाटलं नाही. तो तोंड पुसत परत आला, डोळ्यांत पाणी, शर्टाला काळा ओघळ.

"सगळे उघडायचे?"

"सगळे."

त्यानं श्वास रोखून दोन बोटं गाळात घातली.

"आणखी खाली," ती म्हणाली. "तळाशी झडप आहे. ती काढल्याशिवाय काही साफ होत नाही."