डाव्या पायाची जागा

आमच्या दादाला राग यायला कारण लागत नाही, गिऱ्हाईक लागतं. गिअरबॉक्सच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नाही आणि त्याच्या तोंडी लागायची कोणाची छाती नाही. शेडमध्ये गाडी आली की आधी तो गिअर टाकून बघतो, मग मालकाला झाडतो. "क्लचवर पाय ठेवून झोपता का हो?" काम चोख म्हणून लोक ऐकून घेतात. मी पुढच्या टेबलावर बसते, फोन घेते, पार्ट मागवते आणि त्याने तोडलेली माणसं जोडते. सख्खी बहीण असल्याची ही शिक्षा.

ऑटोमॅटिक गाडी दिसली की त्याचं डोकंच फिरतं. "ही चालवायची नसते, हिच्यात नुसतं बसायचं असतं. पाळण्यात बसतात तसं." हे तो त्या गाड्यांच्या मालकांना तोंडावर सांगतो. वहिनी एकदा चुकून म्हणाली, आपणही ऑटोमॅटिक घेऊ या, तर घरात दोन दिवस अबोला.

त्यामुळे एक चष्मेवाला निळी स्पोर्ट्स कार घेऊन आला आणि म्हणाला, "हिचं ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल करायचंय, हे काम करणारा माणूस एकच आहे असं सगळे सांगतात," तेव्हा दादा हरभऱ्याच्या झाडावर चढलाच. मी म्हटलं, "कंपनीने काही विचार करूनच बसवलं असेल ना?"

"तुला त्यातलं काय कळतं?" दादा म्हणाला. संपला विषय.

काम सोपं नव्हतं. जुना गिअरबॉक्स उतरवायचा, नवा आणि त्याच्यासोबत क्लच बसवायचा, गिअरच्या दांड्यासाठी मधला पत्रा कापायचा, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट नव्या मापाचा करून घ्यायचा, आणि शेवटी गाडीच्या कॉम्प्युटरची समजूत घालायची की बाबा रे, तुझा जुना सोबती आता परत येणार नाही. दादा जेवायचंही विसरायचा. इतकं खुशीत मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

पेडल बदलायची वेळ आली तेव्हा चष्मेवाला काम बघायला आला होता, आणि मी वाढीव कोटेशनवर त्याची सही घ्यायला आत गेले होते. ऑटोमॅटिकचा रुंद ब्रेक काढून तिथे अरुंद ब्रेक आणि त्याच्या डावीकडे क्लच येणार होता. पण डाव्या कोपऱ्यात एक लाकडाचा उतरता ठोकळा स्क्रूने पक्का केलेला होता. वर जाड फोम, त्यावर कातडं, आणि कातड्याची शिवण फार निगुतीने घातलेली.

"हे काय?" मी विचारलं.

"वडिलांचं खूळ," चष्मेवाला म्हणाला. "टाकून द्या."

दादाने स्क्रू काढले आणि ठोकळा भंगाराच्या पिंपात फेकला. त्याच्या मागोमाग जुना गिअरबॉक्सही भंगारवाल्याला देऊन टाकला. तो द्या असं कोणी सांगितलं नव्हतं, ती अक्कल दादाची स्वतःची. म्हणे, "असला डबा माझ्या शेडमध्ये नको."

चष्मेवाला शाबासकी देऊन गाडी घेऊन गेला आणि पुढच्याच आठवड्यात तीच निळी गाडी टोचन लावून परत आली. ओढून आणणाऱ्या गाडीतून माझ्याच वयाची एक बाई उतरली. आधी तिचा डावा पाय ताठ बाहेर आला, मग दाराला धरून ती.

"हे काम कोणी केलं?"

दादा हात पुसत पुढे झाला. त्याला वाटलं, कौतुक करायला आली. "मी."

"मग बसा आणि चालवून दाखवा. फक्त डावा गुडघा वाकवायचा नाही."

दादा हसला. ती हसली नाही, तेव्हा तो मुकाट्याने बसला. सीट मागे घेतली, पाय ताठ केला, कमरेतून सरकत कसाबसा क्लच दाबला. सोडताना गाडीने आचका दिला आणि बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याने किल्ली फिरवली नाही.

मग तिने सांगितलं. अपघातानंतर डॉक्टरांनी तिचा गुडघा कायमचा सरळ जोडून टाकला होता. वडिलांना वेगाची हौस आणि लेकीला पायाची अडचण, म्हणून त्यांनी ही गाडी घेतली, तिचा पाय टेकायला स्वतः ठोकळा केला आणि जाताना गाडी तिच्या नावावर केली. चष्मेवाला तिचा भाऊ. मागून गाडी मिळेना, तेव्हा सर्व्हिसिंगला नेतो म्हणाला आणि अशी करून आणून दिली. "वर म्हणतो, आता तुला हिचा काय उपयोग? मीच नेतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराला निदान कुलूप तरी फोडावं लागतं. याने ते आमच्या हातून फोडून घेतलं, वर आम्हाला शाबासकी दिली.

दादाने तिच्या भावाला फोन लावला आणि त्याचा उद्धार केला. पलीकडून थंड आवाज आला, "कामात काही खोट आहे का? नाही ना? मग ओरडता कशाला?" दादा लालबुंद झाला.

"ठेवा फोन," बाई म्हणाली. "त्याच्यावर ओरडून माझा गुडघा वाकणार नाही."

"तुमचा जुना गिअरबॉक्स परत बसवून देतो," दादा म्हणाला, आणि मग त्याला आठवलं. पुढचं मीच सांगितलं, "तो यानेच भंगारात घातलाय." तिने दादाकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली.

"दुसरा मिळेपर्यंत रोज मी सोडतो तुम्हाला," दादा म्हणाला. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला कॉलेजात शिकवायची.

"सोडायला माणसं मला कमी नाहीत. त्यांना वेळ असेल तेव्हा निघायचं, त्यांची लहर सांभाळायची, वर उपकार मानायचे. ते नको म्हणून तर ही गाडी होती."

भंगारवाल्याने गिअरबॉक्स केव्हाच फोडला होता. दादा गावोगाव हिंडला आणि शेवटी एका चेपलेल्या गाडीतला तसाच मिळाला. तोवर त्याची चिडचिड चालूच होती, भावावर, भंगारवाल्यावर, माझ्यावर. एकदा मीही सुनावलं, "त्याने फसवलं हे खरं. पण फसायला तू एका पायावर तयार होतास. गाडी कोणाची, चालवतं कोण, एकदा तरी विचारलंस?"

गाडी जुळली तेव्हा दादाने तिला बोलावलं. ती सीटवर बसली. दादा दाराशी गुडघे टेकून खाली बसला, हातात टेप, कानामागे पेन्सिल, जवळ नवा कापलेला ठोकळा.

"पाय कुठे ठेवता?" त्याने विचारलं. चढा आवाज नव्हता त्याचा.

"इथे." तिने टाच टेकवून दाखवली. तो खूण करेपर्यंत ती थांबली, मग म्हणाली, "हा एवढा प्रश्न तुम्ही तेव्हा विचारायला हवा होता."

दादाने मान वर केली. मग त्याने माझ्याकडे बघितलं, त्याने तोडलेलं मी नेहमी जोडते म्हणून. या वेळी मी माझ्या टेबलाकडे वळले.