पेन्सिलीची फुली

बायको गेल्यावर तिचं दिवसकार्य अकोल्याला, जठारपेठेतल्या तिच्या माहेरीच झालं. ते उरकून मी अमरावतीला परतलो आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत गेलो. आम्ही दोघं तिथे एकाच खोलीत काम करायचो. तिच्या टेबलावर कापसात गुंडाळलेली एक चकती होती, नाण्याएवढी. दाबली की वीज देणारी, वीज दिली की थरथरणारी ही चिनीमातीसारखी चकती तिनं स्वतः भाजली होती. या मालिकेतली ही शेवटची. भट्टी कधी चढवायची, कधी उतरवायची, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पुन्हा तशी होणार नव्हती.

मोजमापं घेण्याआधी चकती आतून अखंड आहे का, ते पाहायचं होतं. कापून पाहिलं तर लगेच कळतं, पण मग चकती उरत नाही. म्हणून आम्ही ऐकू न येणारा ध्वनी एका बाजूनं आत सोडतो आणि तो दुसऱ्या बाजूला कसा पोचतो ते यंत्राच्या पडद्यावर पाहतो. ध्वनी सोडणारा आणि तो टिपणारा, अशा दोन्ही प्रोबना चकतीला टेकवण्याआधी जेल लावावं लागतं. मी खालच्या बाजूला लावलं, वर नाही. वर तिनं विजेची धन बाजू ओळखण्यासाठी पेन्सिलीनं फुली केली होती.

पडद्यावर लहर उमटलीच नाही, नुसती खरखरीची बारीक कुसळं. आत चीर आहे, असं मी समजलो आणि खुर्चीत बसून राहिलो.

शेजारच्या टेबलावरची सहकारी बायकोची अकोल्याची मैत्रीण. ती उठून आली.

"काहून जी भाऊ, वरतून कोरडंच ठेवून राहिले?"

"फुली पुसली जाईल."

"मंग पुसू द्या. मधात हवा आली का आवाज तिथूनच वापस जाते, हे पोरांले ओरडून सांगता. आता तुमालेच कोन ओरडावं? ती असती तर ओरडली असती."

ती असती तर खरंच ओरडली असती. मी जेलचा थेंब टाकला. शिसं विरघळत नाही, पण पसरतं. फुलीचा करडा डाग झाला. प्रोब टेकवला आणि लहर सरळ, उंच उभी राहिली. चीर नव्हती.

मैत्रीण पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "कशी मस्त भाजली होती पोट्टीनं," आणि डोळे पुसत खिडकीकडे गेली.

बाजू उलटू नये म्हणून चकती हातातून खाली न ठेवता मी पुसून कोरडी केली आणि तिच्याच पेन्सिलीनं पुन्हा फुली काढली. माझी जरा मोठी झाली. मग मोजमापांना लागलो.