दीड कोयता

बारावीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात माझ्याबद्दल दोन बेत चालू होते. एक माझा होता. अंबाजोगाईला जाऊन कॉम्प्युटर सायन्सची तीन वर्षांची डिग्री करायची. दुसरा अप्पांचा होता. दसरा झाला की मला ऊसतोडीला न्यायचं. दोन्ही बेत माझ्याच जिवावर, पण अप्पांच्या बेताचं मला विचारलं कुणीच नव्हतं.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटं माणूस अर्धा. अप्पा आणि माय यांचा एक होता. थोरला भाऊ बिनलग्नाचा, म्हणून दोन हंगाम अर्धाच राहिलेला. आता मी बारावी झाले, म्हणजे मोकळी झाले, म्हणजे त्याचा उरलेला अर्धा मी. एकदा का टोळीत नाव गेलं, की मुलगी लग्नापर्यंत ऊसच तोडते आणि लग्नानंतरही ऊसच तोडते, फक्त गडी बदलतो. मला त्या मोजणीतून सुटायचं होतं.

अप्पा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, जाणकाराला विचारू. आमच्या गावात कॉम्प्युटर एकच, सहकारी दूध संस्थेत. तो ज्याच्या टेबलावर, तोच जाणकार, म्हणजे संस्थेचे सेक्रेटरी. दुष्काळानं दूध आटलेलं, जनावरं चारा छावणीत बांधलेली, त्यामुळं सेक्रेटरींना वेळच वेळ होता. कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरला होता आणि टॉवेलवर उदबत्तीचं घर ठेवलं होतं.

“तीन वर्षं?” सेक्रेटरी हसले. “मी आठ दिवसात शिकलो. दूध घालणाराचा नंबर टाकायचा, फॅट टाकायची, बटन दाबायचं. पावती भायेर.”

अप्पांचा चेहरा उजळला. “मंग काय! पोळा झाला की बस शिकायला. दसऱ्यापोतर दोनदा शिकून व्हतंय.”

घरी येऊन मी वहीच्या पानावर तीन वर्षांचा आराखडा काढला. सहा सत्रं, प्रत्येक सत्राचे विषय, कोणता कशानंतर. रेघा पट्टीनं मारल्या. अप्पांनी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला आणि फार काळजीनं मला म्हणाले, “बाई, सेक्रेटरीचं आठ दिवसात झालं. तुला तीन वर्षं कावून लागायलीत? तुझं डोकं मंद तर न्हाई ना? मास्तर कदी बोलला न्हाई.”

असा संताप आला की सांगता सोय नाही. बारावीला केंद्रात दुसरी आलेली मुलगी मी, आणि आता बापापुढं अक्कल सिद्ध करायची. मी तोंड उघडणार तेवढ्यात माय बोलली. माय भाकरी थापत होती, हात न थांबवता बोलली, “ज्याला एक बटन दाबायला आठ दिवस लागले, त्याला तुमी अक्कल कावून इचारायलाव?”

दुसऱ्या दिवशी अप्पा टोपी घालून म्हणाले, चल, कालेज बघून येऊ.

अंबाजोगाईच्या कॉलेजात त्यांनी ना लॅब पाहिली, ना वर्ग. खिडकीत वाकून क्लार्कला एकच प्रश्न विचारला, “सायेब, पोरींच्या हॉस्टेलला पाणी हाय का?”

“एक दिवसाआड येतं.”

अप्पा माझ्याकडं वळले. आमच्याकडं टँकर आठ दिवसाला यायचा, तोही रडतखडत. “घाल फॉर्म,” ते म्हणाले. माझ्या उच्चशिक्षणाचा निर्णय असा झाला. विषय कोणता हे त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

श्रावणात टोळीचा मुकादम आला, नावं लिहून न्यायला. ओट्यावर बसला, वही उघडली. “दोन कोयते लिहू ना?”

“दीड लिव्हा,” अप्पा म्हणाले. “पोरगी शिकायला चालली.”

मुकादमानं पेन ठेवलं. “आवंदा दुष्काळ लई हाय. पुऱ्या जोड्याच मागं लागल्यात, अर्धा कोयता कुणी घेईना.” मग भावाकडं बघत म्हणाला, “दसऱ्याला टायम हाय अजून. पोराचं उरकून टाका.”

भाऊ मातीत काडीनं रेघा ओढत बसला. मी म्हणू शकले असते, जाऊ द्या, यंदा मी येते. म्हणाले नाही. दात आवळून आत पाण्याचा हंडा पुसत राहिले, रिकामाच हंडा.

पंधरा दिवसात मुलगी ठरली. श्रावणात कुठला आलाय मुहूर्त, पण मुकादमाला नावं द्यायची तारीख होती. मुलगी शेजारच्या गावची. अठरा पुरी झालेली, म्हणून कायद्यानं कुणाला बोट दाखवता येईना. मांडवात अंतरपाट खाली झाला तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. अकरावी-बारावी ती माझ्या बाकावर माझ्या शेजारी बसली होती. घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही, सगळे ‘नवरी’च म्हणायचे, म्हणून मला कळलंच नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी पिशवी भरून एसटीला निघाले. ती दारात उभी होती, हळद अजून हातावर. मला लाज वाटली. सुटल्याचा आनंदही झाला. खोटं कशाला बोलू, आनंद जास्त झाला.

“जाती का गं?” ती म्हणाली.

मी तिच्या नावानं काहीतरी बोलणार होते. माय मागून ओरडली, “वहिनी म्हण! नावानं हाक मारू ने आता.”

“येते, वहिनी,” मी म्हणाले आणि खाली वाकून तिच्या पाया पडले. तिनं पाय मागं घेतले. केंद्रात पहिली ती आली होती.