बर्फ बसला

व्हिन्त्स ओबकिर्शरनं एकोणतीस हिवाळे आमच्या खोऱ्यातल्या स्की मंडळाची माणसं डोंगरावर नेली आणि एकदाही फावडं मारून पायाखालचा बर्फ बघितला नाही. जन्मभर टपाल वाटलं. पत्र एक, सल्ले चार. निवृत्त झाला, पत्रं संपली, सल्ले उरले.

रोज संध्याकाळी पाचला आमच्या टिरोल प्रांताचं हिमलोटाचं पत्रक येतं. धोका एक ते पाच. तीन आला की हा मिशी पुसत म्हणणार, "तीन म्हणजे मधलं. म्हणजे पास!" तिनालाच सगळ्यात जास्त माणसं गाडली जातात, हे त्याला कुणी सांगायचं? मी सांगायची. बर्फाच्या नोंदींचं काम माझ्याकडे. दर आठवड्याला खड्डा खणून थर तपासते.

"काय गं बर्गल, आज कुणाला पुरायचंय?" हा त्याचा ठरलेला विनोद. त्यावर आठ माणसं ठरल्यासारखी हसायची. त्यात माझा नवरा कासियनही.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी आकडा तीन होता. कासियन निघालाच.

"नाही गेलो तर व्हिन्त्स भित्रा म्हणेल."

"आणि गेलास तर मला विधवा म्हणतील. बघ कुठलं बरं वाटतं."

तो काही ऐकेना, म्हणून मीही निघाले. उत्तरेच्या उताराखाली सपाटीवर खणलं. वर वाऱ्यानं थापलेला टणक थर, आणि खाली डिसेंबरचा बर्फ, निव्वळ साखर. मुठीत धरला तर बोटांतून गळून गेला. कासियनला दाखवला. त्यानं मान हलवली, जशी तो पाद्र्याच्या प्रवचनाला हलवतो.

तिथून दहा पावलं गेलो आणि वुम्म! पायाखालचं मैदान बोटभर खाली गेलं. बर्फात एक चीर सरसरत लांब पळाली.

व्हिन्त्सनं टोपी काढली. "ऐकलंत? बसला! बर्फ बसला. आता पक्का."

आमचे म्हातारे असंच म्हणत आले. त्यातले किती दफनभूमीत बसलेत, ते कुणी मोजत नाही.

"बसला नाही रे, खालचा थर मोडला," मी म्हटलं. "उतारावर हेच झालं तर सगळं अंगावर येईल."

"तू खड्ड्यात बघ बाई, मी डोंगराकडे बघतो."

हशा. कासियननं एक स्की उताराकडे पुढे सरकवली.

"कासियन, गेलास तर उकरायला मी येईन. पण जिवंत निघशील असं धरून चालू नकोस."

तो थांबला. दुसरी स्की जागची हलली नाही. तो थांबला म्हटल्यावर बाकीचेही आपापले पट्टे चाचपायला लागले.

"घ्या! बायकोनं लगाम ओढला!" व्हिन्त्स ओरडला आणि आम्हाला दाखवायला एकटाच चढू लागला. चौथ्या वळणाला त्याच्या डोक्यावर उतार आडवा फाटला. नुसता घरघराट झाला, मग पांढरा धूर, मग काही नाही.

प्रत्येकाच्या छातीवर असतं त्या शोधयंत्रानं जागा सांगितली. मीटरभर खाली. आणखी एक फावडं हवं म्हणून कासियननं वर पडलेली व्हिन्त्सचीच पिशवी फाडली. फावड्याचं पातं निघालं, दांडा नाही. वजन नको म्हणून दांडा घरी, आणि दांड्याच्या कप्प्यात नासपतीच्या दारूची बाटली. कासियन ते पातं दोन्ही हातांत धरून कुत्र्यासारखा उकरत होता.

अकराव्या मिनिटाला तोंड सापडलं. निळं पडलेलं, बर्फानं गच्च भरलेलं. त्यानं खोकून थुंकलं, श्वास घेतला आणि म्हणाला,

"आता... बसला."

मे महिन्यात खानावळीत मंडळाची सभा झाली. पुढारी कोण? व्हिन्त्स! हिमलोटातून परत आलेला, एवढा अनुभव दुसऱ्या कुणाकडे आहे? भराभर हात वर गेले. मी कासियनकडे बघितलं. त्यानं बिअरचा पेला दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.