फणसांबा

देवापुढे बसले की मी सगळं बोलते, हे एक सोडून. नवऱ्यालाही माहीत नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

केलगेरीत माझं आणि माझ्या थोरल्या जावेचं, अक्कांचं, घर शेजारीशेजारी. त्यांच्या पडवीवर झुकलेला जुना फणस. एका वर्षी त्याच्या बुंध्याला फणसांबा आला — फळीसारखी आडवी वाढणारी, लाकडासारखी कडक अळंबी. तोंड आलं की सहाणेवर उगाळून लावतात. अक्का खूश! गल्लीभर तुकडे वाटत होत्या.

पण माझं माहेर अळणावर गावचं. वडील लाकडाच्या डेपोत. फणसांबा बाहेर दिसला म्हणजे आतला गाभा कधीचाच सडायला लागलेला असतो, हे मला लहानपणापासून ठाऊक.

थांबा, आधी मंगलचं सांगायला हवं. माझी मुलगी. स्थळ पसंत झालं होतं, साड्यासुद्धा बघून झाल्या होत्या. लहानपणी तापात तिला एकदाच आकडी आली होती — एकदाच! अक्कांनी त्या लोकांना सांगितलं, पोरीला फिट्स येतात. लग्न मोडलं. त्यानंतर मंगल कुणासमोर बसलीच नाही. आणि अक्का काय म्हणाल्या? "मी आपलं खरं तेच सांगितलं की."

तर, एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. "शमा, तू डेपोतली पोर. झाड आतनं बरं आहे का, बघ की ग जरा."

मी कुऱ्हाड उलटी धरली आणि खोडावर ठोकली. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. पोकळ आहे, पाडून घ्या — एवढं म्हणायला किती वेळ लागला असता?

"गट्टी आहे हो अक्का, आतनं घट्ट भरलेलं," मी म्हणाले. "काही होत नाही त्याला. औषधी झाड, राहू दे."

वैशाखात वळवाचा वारा सुटला तेव्हा अक्का पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. झाड छपरासकट त्यांच्यावर आलं. कमरेचं हाड मोडलं ते मोडलंच. मीच आधी धावले, मीच त्यांना ओढून काढलं. आणि ओढताना मनात काय होतं? — आता बसा घरात, माझ्या मंगलसारख्या.

त्या अजून अंथरुणावर आहेत. गोळ्यांनी त्यांचं तोंड येतं. मी त्याच झाडाचा फणसांबा रोज उगाळून लावते. भेटायला येईल त्याला त्या सांगतात, "अशी जाऊ नशिबानं मिळते बघा." मी सहाण धुऊन ठेवते.

आज त्यांनी पुन्हा विचारलं, तरी मी गट्टीच म्हणेन.