आईच्या आमटीतली कसर

सोमवारी संध्याकाळी मी बायकोला खरं काय ते सांगून टाकलं. आज गुरुवार आहे आणि अजून माझं चित्त थाऱ्यावर नाही. शाळेत निकाल हातात पडल्यावर घरापर्यंत पळत सुटायचो, तसं काहीतरी होतंय. या वयात पळता येत नाही म्हणून लिहायला बसलोय.

विषय आमटीचा आहे. हसलात तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण कुवेतमधले तुम्ही बरेच जण आमच्या महबूला भागातल्या घरी जेवून गेला आहात आणि मी जे काही बोललो ते तुमच्यासमोरच बोललो आहे.

आमच्याकडे रविवार ते गुरुवार दुपारी चारच्या सुमारास एक प्रश्न येतो. आधी तो साइट ऑफिसच्या फोनवर यायचा, मग मोबाइलवर, आता व्हॉइस मेसेज येतो. "अहो, रात्री काय करू?" त्यामागोमाग फ्रिजचा हिशोब असतो. कोबी आहे, वांगी मऊ पडलीत, पनीर संपवायला हवं. शुक्रवारी-शनिवारी पाहुणे तरी येतात नाहीतर आम्ही तरी कुणाकडे जातो, त्यामुळे प्रश्न नसतो. पण कामाच्या दिवसांचा प्रश्न कधी चुकला नाही. आणि माझं उत्तरही सहसा चुकलं नाही. "आमटी कर ना. आईसारखी."

या उत्तरातली गोम कळायला जलीब वस्तीतल्या एका जुन्या खोलीत जावं लागेल.

मी कुवेतला पहिल्यांदा आलो तो ड्राफ्ट्समन म्हणून. डिग्री असूनही मिळालं ते काम घेतलं होतं. जलीबमध्ये एका खोलीत चार बॅचलर राहायचो. त्यातला एक रत्नागिरीकडचा, किनाऱ्यावरच्या गावातला मुसलमान मुलगा, माझ्याच वयाचा. एका बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, तो कामाला होता. स्वयंपाक त्याच्याकडे, भांडी माझ्याकडे. कंपनीच्या बसमधून उतरलो की मी जिन्यातूनच ओरडायचो, "आज काय?" आणि वरून आवाज यायचा, "तू सांग!" मग एक म्हणायचा बटाटा, दुसरा म्हणायचा अंडी, मी अंडी खात नाही म्हणून तिसरा मला चिडवायचा, आणि या सगळ्या भांडणातून शेवटी डाळच व्हायची. पण काय डाळ! आंबट, लसणाची, भाजलेल्या खोबऱ्याची, आणि त्या सगळ्याच्या खाली एक खरपूस, समुद्रासारखा वास. खुबूस, म्हणजे इथली रोटी, त्यात बुडवून आम्ही पातेलं पुसून खायचो.

महिनाभराने मी त्याला विचारलं, "यात घालतोस तरी काय?"

"सांगितलं तर जेवशील?"

"का? काय आहे?"

"सोडे. भाजून वाटणात घालतो."

सोडे म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी. मी नाशिकचा, आमच्या घरात अंड्याचं कवचसुद्धा आलं नव्हतं. मी ताटाकडे बघितलं. ताट रिकामं होतं.

"उद्यापासून नको घालू का?" तो गंभीरपणे म्हणाला.

"उद्यापासून जरा जास्त घाल," मी म्हणालो, आणि तो हसत हसत गादीवर आडवा झाला.

पुढे मला इंजिनियरची नोकरी लागली, लग्न झालं, बायकोचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, झाला आणि ती आली. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं, रात्री तुम्हाला काय आवडेल? मी त्या डाळीचं वर्णन करत सुटलो. आंबट, खमंग, भाजल्यासारखा वास. तिचे डोळे चमकले. "कुणाच्या हातची?"

आता सोडे म्हणावं तर ते दोन दिवसांत नाशिकला पोचलं असतं. मी म्हणालो, "आईच्या."

एवढंच. एक शब्द.

तिने सासूला फोन लावला. आई म्हणाली, "अगं, मी काही वेगळं करत नाही. तूर, चिंच, गूळ, गोडा मसाला." बायकोने तसंच केलं. मी चाखून म्हणालो, "छान आहे. पण आईची नाही." तिने आमसूल घालून बघितलं, लोखंडी कढईत फोडणी दिली, निखाऱ्याची धुरी दिली. सुट्टीला नाशिकला गेलो की आईच्या हातची आमटी ती डोळे मिटून खायची आणि मला हळूच म्हणायची, "मला तर माझीच लागते हो." मी काय म्हणायचो? "तुला फरक कळत नाही." तिच्याच तोंडावर.

मग तिने पाण्याचा शोध लावला. "इथलं पाणी समुद्राचं, मीठ काढलेलं," ती म्हणाली. "त्याला चव कुठून असणार?" माझी सगळी नोकरी बॉयलर आणि पाण्यात गेलेली. मी मान डोलावली. "असू शकेल."

त्या वर्षी तिने नाशिकहून घरच्या नळाच्या पाण्याचा कॅन आणला, साड्यांत गुंडाळून, बॅगेत. त्याच्या वजनामुळे तिच्या आईने केलेल्या कुरडया विमानतळावरून परत गेल्या. त्या शुक्रवारी तुमच्यापैकी बरेच जण जेवायला होते. तिने सगळ्यांसमोर वाटी माझ्यापुढे ठेवली. तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघत होता. मी घोट घेतला, जरा वेळ लावला आणि म्हणालो, "जवळ आलीस. थोडी कसर आहे." तुम्ही हसलात. कुणीतरी म्हणालं, "वहिनी, पुढच्या वेळी नाशिकची शेगडीच उचलून आणा!" तीही हसली. नंतर ओट्याशी तिने कॅनमधलं उरलेलं पाणी तुळशीच्या कुंडीत ओतलं, ते मी पाहिलं. पाहिलं आणि श्रीखंडाची वाटी पुन्हा भरून घेतली.

तेव्हापासून "थोडी कसर आहे" हे आमच्या गोतावळ्यातलं वाक्यच झालं. कुणाच्या बासुंदीलाही ते लागू झालं.

आता आम्ही कायमचे परत जाणार आहोत. घरात खोके भरणं चालू आहे. सोमवारी चारला मेसेज आला तो वेगळाच होता. "आज काय करू असं विचारत नाही. आज आमटीच करतेय. हे घर सोडायच्या आधी एकदा जमवणारच. तुम्ही लवकर या, समोर बसा, आणि काय कमी आहे ते सांगा. नाही जमली तर यापुढे आमटी बंद. आयुष्यभर."

मी तो मेसेज ऐकला आणि गाडी घराऐवजी थेट फहाहीलला नेली. जलीबचा तो दोस्त आता तिथे मसाल्यांचं दुकान चालवतो. बायको कोकम त्याच्याकडूनच घेते. सगळी गोष्ट त्याला माहीत आहे.

"अजून सांगितलं नाहीस?" तो गल्ल्यामागून ओरडला. "अरे, माझ्या नातीचं लग्न ठरतंय आणि तुझी आमटी अजून तिथेच?"

"आज सांगणार आहे."

"मग सोडे देऊ?"

"नको."

"मग आलास कशाला?"

"धीर घ्यायला."

"तो सुटा नाही मिळत," तो म्हणाला. "जा. थंड होईल ती."

घरी शिरलो तर कुकर झालेला, चिंच भिजलेली, आणि ओट्यासमोर माझ्यासाठी खुर्ची मांडलेली. मी खुर्चीवर बसलो नाही. उभ्याउभ्या सांगितलं. जलीब, डाळ, वाटण, सोडे.

तिने पळी खाली ठेवली. "सोडे?"

"हो."

"तुम्ही?"

"हो."

"रोज?"

"शुक्रवारी नाही. शुक्रवारी ते मटण करायचे, ते मी खात नव्हतो."

"अरे वा! शुक्रवारी सोवळं होतं तर!"

मला वाटलं हसेल. हसली नाही. गॅस बंद केला. "आणि माझं पाणी?"

"पाण्याचा काही संबंध नव्हता."

"ते मला आत्ता कळलं. तुम्हाला तेव्हाच माहीत होतं."

तिने फोन उचलला, दुकानात लावला आणि स्पीकरवर टाकला. "भाऊजी, हे म्हणतायत ते खरं का?"

"खरं आहे, भाभी. मी किती वेळा बोललो याला, सांगून टाक. तर हा म्हणतो, आता फार उशीर झाला."

"आणि तुम्ही मला आमटीसाठी कोकम विकत राहिलात!"

"कोकम चांगलंच होतं, भाभी."

तिच्या नाकातून फुर्रकन हसू आलं. तिला ते आवरायचं होतं, आवरलं नाही. फोन ठेवल्यावर मात्र तिने पळी उचलून ती शिजलेली डाळ घोटली. मग म्हणाली, "म्हणजे सासूबाईंची आमटी मला येत होती."

"पहिल्या दिवसापासून."

"त्या म्हणायच्या, पोरी, तुझी आणि माझी एकच. मला वाटायचं, माझं मन राखायला म्हणतात." आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. "मी त्यांच्यावर मनातून रागावले होते. मला वाटायचं, एखादी वस्तू मुद्दाम सांगत नाहीत."

हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या एका शब्दाने दोन बायकांच्या मध्ये काय ठेवलं होतं, ते मला सोमवारी कळलं.

तिने गॅस पुन्हा पेटवला. फोडणी चरचरली. मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग चिंच, गूळ, गोडा मसाला. कुवेतच्या नळाचं पाणी. वाटी माझ्यापुढे आदळली. "सांगा आता."

मी घोट घेतला. आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. आमच्या नाशिकच्या घरातली, पाटावर बसून ओरपलेली आमटी माझ्या पुढ्यात होती. ती आठवड्यातून तीनदा माझ्या पुढ्यात येत होती आणि मी तिच्यात कोळंबी शोधत होतो.

"आईची आहे."

"कसर?"

"अजिबात नाही."

ती भाताचा घास घेऊन हळूहळू जेवली. जेवण झाल्यावर म्हणाली, "कसर आहे असं जितक्यांसमोर म्हणालात तितक्यांना आता हे सांगा. मी नाही सांगत फिरणार." म्हणून हा खटाटोप. मंडळी, तिच्या आमटीत कधीही कसर नव्हती. ज्यांनी ज्यांनी ते वाक्य वापरलं असेल, त्यांनी ते माझ्यासाठी वापरावं.

मंगळवारी चार वाजले. मेसेज नाही. सव्वाचार झाले. मी मीटिंगमध्ये फोन मांडीवर ठेवून बसलो होतो. आता ती मला कधीच विचारणार नाही, असं वाटायला लागलं. तेवढ्यात मेसेज आला आणि मी कॉन्फरन्स रूममधून उठून बाहेरच गेलो.

"आज रात्रीचं तुम्ही ठरवायचं. करायचंही तुम्हीच. फ्रिजमध्ये दोडका आहे, भेंडी आहे. आणि पाणी नळाचंच घ्या, नाशिकला जाऊ नका."

मी तो तीनदा ऐकला. मग उभ्याउभ्या विचार करू लागलो. दोडका की भेंडी? भेंडी चिकट झाली तर? दोडक्याला दाण्याचं कूट की नुसतं खोबरं? बाप रे, ही बाई हे रोज कसं ठरवत आली? काही सुचेना, तेव्हा मी फहाहीलला फोन लावला.

"दोडका कर," तो लगेच म्हणाला. "सोडे घालून फार छान लागतो."

मी फोन ठेवला, घरी गेलो आणि भेंडी धुवायला घेतली.